तीन सेकंदांची खडखड

तोंडावर त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘नॉर्मल’. आता यात लोकांचा तरी काय दोष? मोटारसायकलींच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये कोणतीही तक्रार घेऊन या, ब्रेक किंचाळतोय म्हणा, हँडल थरथरतंय म्हणा, साहेब काउंटरमागून उठणार, इस्त्रीच्या शर्टाला ग्रीस लागू नये म्हणून हातभर लांब उभे राहणार, मान तिरकी करून क्षणभर ऐकणार आणि म्हणणार, "नॉर्मल आहे." जॉब कार्डावर तेच लिहायचं, खाली गोल सही ठोकायची. माणूस आला तसा परत.

पण म्हणून साहेबांना काही कळत नव्हतं असं समजू नका हं. काउंटरवर येण्याआधी वीस वर्षं ते आतल्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आत कोणतं बेअरिंग रडतंय ते सांगायचे, आणि इंजिन उघडल्यावर तेच निघायचं. पुढे गुडघा गेला, खाली बसवेना, म्हणून काउंटरवर आले. इथे खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, आणि मुख्य ऑफिसातून येणारी पत्रकं वाचायची सवय लागली. तिथेच घात झाला.

त्यातल्याच एका पत्रकाची ही गोष्ट. नव्या मॉडेलच्या गाड्या सकाळी पहिल्यांदा चालू करताना इंजिनातून खडखड येते, अशा तक्रारी वाढल्या होत्या. खडखड कॅम चेनची. कॅम चेन म्हणजे इंजिनाच्या पोटातली साखळी. खाली पिस्टन आणि वर व्हॉल्व्ह, दोघांचा ताल तीच सांभाळते. वापरून वापरून साखळी सैल होणारच, म्हणून तिला बाजूने दाबून धरायला बोटाएवढा एक टेन्शनर असतो. तेलाच्या दाबाने तो एकेक दात पुढे सरकतो, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे यायचं नाही हीच त्याची नोकरी. पत्रकात लिहिलं होतं, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत तेल वर चढायला वेळ लागतो, त्यामुळे तीन सेकंदांपर्यंतची खडखड नॉर्मल समजावी. साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी वर स्वतःची फोडणी घातली. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "तुम्ही कशाला टेन्शन घेता? ते घ्यायला आत टेन्शनर बसवलाय ना!" गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक भांडत नाही हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

सिस्टर मात्र हसली नाही.

सिस्टर म्हणजे टेकडीपलीकडच्या दवाखान्यातली नर्स. बाळंतपणं करायची. अडलेल्या बाईकडे घरी जायचं तर दोन टेकड्या ओलांडून उताराच्या रस्त्याने जायचं, आणि तेही एकटीने, याच नव्या मॉडेलच्या गाडीवर. काउंटरवर हेल्मेट ठेवून ती म्हणाली, "साहेब, रोज सकाळी आवाज येतो. तीन सेकंद नाही, चांगला आठ-नऊ सेकंद."

"ताई, घाईत असलं की सेकंद लांब वाटतात."

"माझा जन्म गेला नाड्या मोजण्यात. सेकंद मला शिकवू नका."

साहेबांनी गाडी चालू केली. गाडी सात किलोमीटर चालून आलेली, इंजिन तापलेलं, तेल जिथल्या तिथे. कसली खडखड नि कसलं काय! नॉर्मल.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तिने रजा काढली, गाडी आदल्या संध्याकाळी सेंटरमध्ये ठेवली आणि म्हणाली, "उद्या उघडल्या उघडल्या तुम्ही स्वतः चालू करा. तोवर कोणी हात लावायचा नाही." पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! सकाळी साडेनऊला पाण्याचा टँकर आला, वाटेत हीच गाडी, आणि वॉचमन बिचारा सज्जन. ढकलत न नेता त्याने ती चालू करून, अंगणात दोन चकरा मारून, पुसूनसुद्धा ठेवली. साहेब दहाला आले तेव्हा इंजिन कोमट. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "आवाज? आला ना थोडा. पण तुम्हीच तर म्हणता, नॉर्मल असतो."

चौथ्या खेपेला तिने आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला. त्यात ऐकू काय आलं? कुत्रं भुंकतंय, बादली आपटतेय आणि तिची आई ओरडतेय, "अगं, दूध उतू चाललंय, आधी गॅस बंद कर!" साहेबांनी मोबाइल परत दिला. दुधाबद्दल आपल्याकडे पत्रक नाही, असं म्हणायचा मोह त्यांनी महत्प्रयासाने आवरला.

सिस्टरने मोबाइल पर्समध्ये टाकला. तिचे डोळे लाल झाले होते. "बाहेर कुठे दाखवावं तर इंजिन उघडलं की गॅरंटी गेली म्हणता. मग एवढंच सांगा साहेब. टेन्शनर खरंच गेला असेल, तर काय होतं?"

साहेबांना उत्तर येत होतं, हीच तर पंचाईत. टेन्शनर मागे सरकला की साखळी सैल पडते, सैल साखळी चक्राचा एखादा दात चुकते, ताल सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि चालतं इंजिन जागच्या जागी जाम होतं. मागचं चाकही जाम. उतारावर असताना झालं तर पुढचं सांगायला नको.

"तशी शक्यता कमी असते," साहेब म्हणाले आणि कार्डाकडे बघत राहिले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला, दुधासकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती वाढता वाढता थांबली.

"म्हणजे खोकला सकाळी येतो आणि तुम्ही पेशंट तपासता दुपारी."

"अगं, पत्रकात..."

"पत्रक गेलं चुलीत! एवढा कान दिलाय देवाने, स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तर बाहेरच्या खोलीतून ओरडता. आणि ती बाई चार वेळा आली, तर एकदा तिच्या दारात जाऊन ऐकता येत नाही तुम्हाला? उद्या काही बरंवाईट झालं तर कार्डावर सही कोणाची आहे?"

साहेबांनी ताट बाजूला सारलं आणि पहाटे पाचचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला साहेब स्वतःच्या मोटारसायकलवरून सिस्टरच्या दारात हजर. तिची आई दार उघडून बघते तर काय, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. ती "कोण पाहिजे?" म्हणायच्या आत सिस्टर बाहेर आली आणि क्षणभर बघतच राहिली. मग तिने गाडीवरचं कापड काढलं.

साहेब गुडघा धरून कसेबसे जमिनीवर बसले. कित्येक वर्षांनी बसले. स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावला, मूठ कानाला. "करा चालू."

काय तो आवाज! डब्यात खिळे भरून कोणी हलवावा तसा. एक, दोन, तीन. तीनला थांबायला हवा होता. चार, पाच. पत्रकातलं वाक्य आठवायचा साहेबांनी प्रयत्न केला, पण कानात खिळे वाजत असताना पत्रक कुठून आठवणार? नऊ सेकंदांनी आवाज कमी झाला, पण संपला नाही. मधूनच एक ठोका हुकत होता, आणि तो हुकलेला ठोका फक्त त्यांना ऐकू येत होता. साखळी दात चुकायच्या बेतात होती. आज, उद्या, फार तर या आठवड्यात.

"बंद करा!" ते ओरडले. "बंद करा आधी!"

चार वेळा. चार वेळा आपण हिला याच गाडीवर बसवून उताराला लावलं. लाज वाटली, आणि ती अशी की वर मान करून बघवेना.

"आहे ना आवाज?" सिस्टरने विचारलं.

"आहे. ही गाडी आता हलवायची नाही."

आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. दुसऱ्या टेकडीपलीकडे एक बाई अडली होती, पहिलटकरीण, कळा आदल्या संध्याकाळपासून सुरू झालेल्या. सिस्टरने बॅग उचलली, गाडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "माझी न्या. जुनी आहे, पण साखळी मी स्वतः बसवलीय." सिस्टरने किक मारली आणि ती गेलीसुद्धा.

साहेबांनी सेंटरला फोन लावला. गाडी उचलून न्यायला व्हॅन पाठवा. फोन वॉचमनने उचलला आणि विचारलं, "गाडी बंद आहे का?"

"नाही, चालू होते. पण चालवायची नाही."

"चालू होते ना? मग चालवत आणा. व्हॅन फक्त बंद गाडीला. तुम्हीच केलाय ना साहेब हा नियम?"

केला होता. आता करणार काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ! साहेबांनी बाह्या दुमडल्या, गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलायला सुरुवात केली. इथून सेंटर सात किलोमीटर, वाटेत एक चढ, आणि गुडघा तर पहिल्याच वळणावर बोंबलायला लागला.

त्या रस्त्यावर साहेबांना कोण ओळखत नव्हतं! दूधवाला थांबला, "काय साहेब, पेट्रोल संपलं?" पंक्चरवाला म्हणाला, "हवा भरू का?" पेट्रोल पंपावरचा तर धावतच आला. प्रत्येकाला साहेब एकच सांगत होते, "इंजिन खराब आहे." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. पाचव्या माणसापर्यंत सवय झाली. चढ संपल्यावर ते दगडावर टेकले, तेव्हा सिस्टरचा फोन आला. मागे कोणीतरी तान्हं टाहो फोडून रडत होतं.

"मुलगी झाली. दोघी ठणठणीत. आणि साहेब, तुमच्या गाडीचा हॉर्न वाजत नाही."

साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग पाणीच येत राहिलं, थोडा वेळ. ते शर्टाच्या बाहीने पुसलं तर बाहीला ग्रीस, त्यामुळे तोंडही काळं झालं.

सेंटरवर पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. दारात गिऱ्हाइकांची रांग, काउंटर रिकामं, मॅनेजर घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालतोय. घामाने निथळणारे, लंगडणारे, काळ्या तोंडाचे साहेब गाडी ढकलत आत आले, तशी रांग बाजूला सरकली.

"हे काय साहेब?" मॅनेजर म्हणाला.

"टेन्शनर गेलाय. आजच काढायचा. कार्डावर तसंच लिहितोय मी, आणि मुख्य ऑफिसला पण."

मॅनेजर जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोला हो. गिऱ्हाईकं उभी आहेत. पत्रकात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. मी आज आवाज ऐकून आलोय, तोही थंड इंजिनाचा. पत्रक लिहिणाऱ्याने ऐकलाय का ते विचारा त्याला." हे साहेब हळू बोलले नाहीत.

रांगेतला तिसरा माणूस चुळबुळला. त्याची गाडी याच मॉडेलची, रंग फक्त वेगळा. पुढे टाकीवर पाच-सहा वर्षांची मुलगी, आरशाला धरून बसलेली. "साहेब," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात मी पण आलो होतो, सकाळच्या आवाजासाठी. तुम्ही बघितलं होतं. माझी तर ठीक आहे ना?"

साहेबांना तो आठवला. जॉब कार्ड आठवलं, त्याच्याखालची सहीसुद्धा. त्यांनी सिस्टरची गाडी स्टँडवर लावली आणि लंगडत त्याच्यापर्यंत गेले.

"मला माहीत नाही. मी तुमची गाडी ऐकलीच नव्हती," ते म्हणाले. "किल्ली द्या इकडे. आणि पोरीला आधी खाली उतरवा."