मखराचं वजन

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी सहारला, विमानाने माल पाठवणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात कारकून होतो. गणेशचतुर्थीला आठ दिवस उरले असताना घाटकोपरच्या आमच्या चाळीतले एक शेजारी रिक्षातून भलं मोठं खोकं मांडीवर घेऊन आले. त्यांना सगळे काका म्हणत. खोक्यात थर्माकोलचं मखर होतं. गिरणी बंद पडल्यापासून काका मखरं करून विकत. हे मात्र मस्कतला नोकरीला गेलेल्या मुलासाठी होतं. घराबाहेरचा त्याचा पहिलाच गणपती.

रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन करून ते चार किलोंच्या भाड्याचे पैसे घेऊन आले होते. मी टेप लावली. नव्वद, साठ, पन्नास सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून सहा हजारांनी भागलं की पंचेचाळीस येतात. काट्यावरचे किलो आणि हे किलो, यांत जे जास्त त्याचं भाडं, असा नियम. काकांनी तो शांतपणे ऐकला.

“म्हणजे आतल्या हवेचं पण भाडं घेता काय रे?”

मी म्हटलं, हवेचं नाही, जागेचं. आणि जागा वाचवायची तर मखर सुटं करून चपटं बांधावं लागेल.

ते सुटं होणारं नव्हतं. वाटेत हलू नये म्हणून त्यांनी प्रत्येक सांधा दोनदा चिकटवला होता. शिवाय मुलाने घरी कधी मखराला हात लावला नव्हता. मोडेल म्हणून बापानेच लावू दिला नव्हता. आता तो एकटा ते उभं कसं करणार, एवढंच त्यांनी विचारलं.

मग त्यांनी पॅकिंगची सुरी मागितली आणि फरशीवर बसून एकेक सांधा कापला. तुकड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले. एका खांबावर लिहिलं : ‘डावा. तुझा नाय, बाप्पाचा.’ नवं खोकं जेमतेम दहा सेंटिमीटर उंच झालं. हिशेब नऊ किलोंवर आला; वरच्या पाच किलोंचे पैसे काकांनी दुसऱ्या दिवशी आणून दिले.

गणपती झाल्यावर मस्कतहून फोटो आला. काका तो घेऊन आमच्या दारात उभे राहिले. खांब जागच्या जागी होते; कमान एका बाजूला उतरली होती आणि सांध्यात बोटभर फट होती.

“कमान वायच कलली हा,” ते फटीवर बोट ठेवून म्हणाले. “फुडल्या वर्षाक त्याकाच करूंदे. थर्माकोलचे नुसते ताव धाडले तर किती किलो धरशील?”