दाजींची वाफ

आमच्या दाजींइतका तब्येतीला जपणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, पैज लावा! चहात साखर नको, भज्याला तेल लई, फॅनखाली झोपायचं नाही, सगळं पाठ. तेवढी बिडी सोडून. तेलगावात त्यांचं मोटरी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे, आणि आतला धूर जळालेल्या मोटरीचा का दाजींचा, हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. ताई सांगून सांगून दमली. बाबा तर बोलूच शकत नव्हते. जावई ना! जावयाला फक्त ‘अजून वाढू का’ एवढंच विचारायचं असतं.

मग धोंड्याचा महिना आला. जावयाला काहीतरी द्यायचंच, म्हणून बाबांनी लई डोकं लावलं आणि पुण्याच्या चुलतभावाकडून बिडी सोडवायचं यंत्र मागवलं. म्हणजे व्हेप, वाफ ओढायची बॅटरीवरची सिगारेट! ताटात अनारसे, वर दिवा, शेजारी व्हेप. सरकारनं बंदी घातलेली वस्तू आईनं हळदकुंकू लावून जावयाच्या हातात दिली हो! तेव्हापासून दाजी सुटलेच. बिडी निदान घराबाहेर तरी होती, हे तर जेवताना, टीव्हीपुढं, पूजेलासुद्धा. त्यात वाफ आंब्याच्या स्वादाची, ऐन थंडीत घराला अढीचा वास. मी ताईकडं गेलो तेव्हा म्हणालो, “दाजी, आवरा की.”

“कावून? धूर हाय का ह्यो? वाफ हाय! सर्दी झाल्यावर तू घेत न्हाईस का बे?”

“आणि दुकानातली बिडी?”

“ती दुकानात, ही घरात. आपण मिसळामिसळ करत न्हाई.”

एक दिवस मोटर उचलताना छातीत कळ आली, डावा हात जड पडला. दाजींचं निदान तयार, “गॅस हाय.” ताईनं ऐकलं नाही, तसंच बीडला नेलं. नस तुंबलेली, स्टेंट टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले, “धूर असो का वाफ, निकोटीन तेच. ठोके वाढतात, नसा आवळतात. तुम्ही तर दोन्हीकडून आवळल्या.”

“पण डॉक्टर, सासऱ्यानं धोंड्यात दिलतं. न्हाई कसं म्हणावं?”

बाबा खाटेपाशीच उभे होते. लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाला बोलले, “जावईबापू, चूक माझीच. पण आता सोडा. माझी लेक हाय ओ ती.” आणि बाहेर निघून गेले. दाजींनी उशाखालचा व्हेप काढून ताईकडं दिला.

बिडी आणि व्हेप, दोन्ही सुटलं. परवा आम्ही कपिलधारच्या धबधब्याला गेलतो. पायऱ्यांवर दाजी मधेच थांबले, म्हणाले, “धबधबा बघू की निवांत.” ताईनं धबधब्याकडं बघितलंच नाही. ती दाजींच्या छातीकडं बघत होती, किती जोरात वरखाली होते ते. दाजींना कळलं असावं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं ती हळूच परत काढून घेतली.