सिग्नलला बंद होणारं इंजिन

दादा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी वहिनींना त्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत नेत होतो. सिग्नलला गाडीचं इंजिन बंद झालं.

“बंद पडली का भावोजी?”

“नाही वहिनी. थांबलं की आपोआप बंद होतं. ब्रेक सोडला की पुन्हा सुरू.”

इंजिन बंद असलेल्या शांततेत वहिनींचा श्वास ऐकू येत होता. मला रडूही येत नव्हतं. पुढच्या सिग्नलआधी मी बटण दाबून ती सोय बंद केली.

नंतर ती सोय बंद ठेवण्याचं कारण म्हणून मी इंजिन झिजेल असं सांगितलं, तर गॅरेजवाले म्हणाले, “असं बंद-चालू होण्याने इंजिन झिजत नाही साहेब. स्टार्टर त्यासाठीच मजबूत केलेला असतो.”

खरं असेल. तरी रोज गाडी काढली की मी आधी ते बटण दाबतो. सिग्नलला इंजिन घरघरत राहतं आणि मी नुसता समोर बघत बसतो.