मचाणावरून टाकलेली परदेशी मदत

आमच्या पत्रकाचा मथळा होता : ‘एका विमानातून बॉम्ब, दुसऱ्या विमानातून बिस्किटं!!!’ मथळा माझा, उद्गारचिन्हंही माझीच. नांदेडच्या छापखान्यातला माणूस म्हणाला होता, “ताई, एक पुरंल की.” मी म्हटलं, तिन्ही ठेवा, आमच्याकडं राग भरपूर आहे.

राग का नसावा? ज्या देशानं गाझावर पडणारे बॉम्ब पुरवले, त्याच देशाची विमानं गाझावर जेवणाची पाकिटं टाकत होती आणि ती बघून जगानं टाळ्या वाजवायच्या होत्या. युक्रेनवर हल्ला झाला म्हणून ज्यांचे डोळे भरून आले, तेच गाझाचा विषय आला की चष्मा पुसायला लागायचे. आणि आपले पुढारी? व्यासपीठावर शांतता, बाजारात तेल आणि तोफा, ज्याच्याकडं स्वस्त मिळेल त्याच्याकडून. पत्रकात मी लिहिलं होतं, ढोंगी मदत नको. आणि शेवटी : शस्त्रांची मदत बंद करा. सगळ्यांची. सगळीकडं. आत्ता.

पत्रक कॉलेजांच्या गेटवर वाटलं, स्टेशनबाहेर वाटलं, एका ऑटोवाल्यानं तर आपल्या काचेवर चिकटवून घेतलं. मग सभा घ्यायची ठरली. एका वाचनालयाचं सभागृह मागितलं, तर तिथले चिटणीस म्हणाले, “विषय आंतरराष्ट्रीय आहे आणि तुम्ही आहात पोरं. वजनदार अध्यक्ष आणा. नसंल तर सभागृह मिळणार नाही.” सभा रविवारी, आणि हे त्यांनी शुक्रवारी सांगितलं. आमच्या गटात सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे एक मित्र, आणि त्याचं वजन वेगळ्या प्रकारचं.

तेव्हा मला मामा आठवला. माझा मामा हवाई दलात हेलिकॉप्टर उडवायचा. निवृत्तीनंतर लातूरकडच्या मुरुडजवळ शेती करतो. शनिवारी त्याच्याकडं हुरडा होता आणि त्याचे दोन जुने सोबती येणार होते. एक लातूरचे काका, मालवाहू विमानातले नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारे आणि सामान कुठं टाकायचं ते सांगणारे. दुसरे आमच्या नांदेडचेच सरदार काका, लढाऊ विमानाचे पायलट. तीन अधिकारी एका जागी! मी पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि सकाळची लातूरची एसटी पकडली. यातला एक तरी अध्यक्ष घेऊन परतायचं, नाहीतर सभा बुडाली.

शेतात पोचले तर आगटी पेटलेली, मामी कणसं भाजत बसलेली, आणि तिघं गोणपाटावर मांडी घालून हुरडा चोळत होते. हवाई दलाची माणसं हातांनी बोलतात, हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. उजवा हात आपलं विमान, डावा शत्रूचं. त्या दिवशी दोन्ही हातांत गरम कणसं होती. सरदार काका एका जुन्या उड्डाणाची गोष्ट सांगत होते. शत्रूचं कणीस मामाच्या कानाजवळून गेलं आणि दाणे दह्यात पडले.

“तुमची लढाई तिकडं बांधावर जाऊन करा,” मामी म्हणाली. “माझं दही नासवून राहिले.”

मी वेळ घालवला नाही. पत्रकं वाटली आणि सरळ विचारलं, “उद्या नांदेडला अध्यक्ष कोण होणार?”

तिघांनी पत्रक वाचलं. लातूरचे काका दोनदा वाचतात, ही त्यांची सवय. मामानं चष्मा काढला. “पोरी, असं न्हाई. याचा डीब्रीफ करू.”

डीब्रीफ म्हणजे उड्डाण संपल्यावर बसून केलेली चिरफाड. तिथं हुद्दा दाराबाहेर ठेवायचा. कुणी कुणाला ‘सर’ म्हणायचं नाही. सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलणार. आणि प्रत्येकानं सुरुवात करायची ती स्वतःच्या चुकीपासून. दुसऱ्याची चूक नंतर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हे तिघं हाच नियम पाळतात. एरवी लातूरचे काका मामाला “सर, मीठ द्या” म्हणतात. डीब्रीफ सुरू झाला की “अबे, तुला कळतंय का” इथपर्यंत जातात.

सगळ्यात कनिष्ठ मीच. तिघं माझ्याकडं बघत बसले.

“माझी काही चूक नाही,” मी म्हणाले.

“मंत्री करा रे हिला!” सरदार काका ओरडले आणि हसताना त्यांना ठसका लागला. मामीनं पाणी दिलं. मी लालबुंद झाले. आगटीजवळ बसल्यामुळं ते कुणाला कळलं नसावं.

मग लातूरचे काका बोलले. “माझी चूक अशी की मी जन्मभर वरून धान्य टाकलं. डोंगरातल्या ठाण्यांवर टाकलं, पुरात टाकलं. कोण पाठवून राहिलं ते कधी विचारलं न्हाई. पण मला आजबी वाटतंय, बिस्किट बिस्किट असतंय. भुकेल्या लेकराला त्याच्यावरचा झेंडा दिसत न्हाई. तू लिहिलंस, ढोंगी मदत नको. नको म्हणणारी तू कोण? तू जेवून आलीस.”

“मग बॉम्बपण घ्यायचे का त्यांच्याकडून?”

“बॉम्ब घ्या म्हणलो का मी?”

“तू बिस्किटाचं बोल,” सरदार काका मध्ये पडले. “बॉम्बचं मला इचार. बेटा, तू लिहिली की शस्त्र सगळ्याचं बंद. माझी चूक आधी सांगतो. जवान होतो तवा मलाबी वाटायचं, ज्याच्याकडं चांगलं विमान त्याचं बरोबर. आता तसं न्हाई वाटत. पण ज्याच्या घरात दुसरा घुसला, त्याला काय देणार तू? पत्रक देणार? हल्ला करणाऱ्याचं बंद कर, हाव. ज्याच्यावर झाला त्याचं कशाला बंद करतीस?”

“आणि कुणावर झाला हे कोण ठरवणार, तेच ढोंगी ना?” मी म्हणाले. “एकीकडं हल्ला म्हणायचं, दुसरीकडं स्वसंरक्षण! शब्दसुद्धा तेच पुरवतात!”

“हे बरोबर बोलली,” सरदार काका मामाला म्हणाले. “पण पुरं बरोबर न्हाई.”

मामा शांतपणे कणीस चोळत होता. “माझी चूक,” तो म्हणाला, “मी रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरवर पगार खाल्ला. तसल्याच मशिनी दुसऱ्या कुणाच्या गावावर घोंगावून राहिल्या, आणि मी टीव्ही बंद करून झोपलो. पोरी, तुझ्या पत्रकात अमेरिका हाय, युरोप हाय, सरकार हाय. तू कुठंय? मी कुठंय?”

इथं माझा तोल गेला. मी उठून उभी राहिले. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला बसून बोलता येत नाही. “तुम्ही कुठंय ते मी सांगते. तुम्ही हुरडा खाताय! तिघांना सगळं कळतं, आणि बोलता कुठं, तर आगटीपुढं! नोकरीत होता तेव्हा बोलायची मुभा नव्हती, मान्य. आता कोण अडवतंय? निवडणूक आली की पुढारी बॅनरवर डोक्यामागं लढाऊ विमान लावतात. तेव्हा तरी कुणी तोंड उघडलं का?”

“आन् ते विमान आपलं नसतंयच!” सरदार काका एकदम उसळले. “मी बघितलो ना चौकात. दुसऱ्याच देशाचं विमान, खाली ह्याचा हात जोडलेला फोटो! मी बॅनर लावणाऱ्या पोराला म्हणलो, अरे, हे आपलं न्हाई. तो म्हणला, काका, उडतंय ना?”

यावर लातूरचे काका इतके हसले की मागं कलंडले. मीही हसले. रागात असताना हसू आलं की फार पंचाईत होते, पुन्हा राग कुठून सुरू करावा ते कळत नाही.

“मग उद्या या,” मी म्हणाले. “हेच बोला.”

अडचण तिथंच होती. यायला तिघंही तयार झाले, पण अध्यक्ष म्हणून आपापल्या ठरावासकट. लातूरच्या काकांना भुकेल्याला मिळणाऱ्या घासावर बोट ठेवलेलं चालणार नव्हतं. सरदार काकांना हल्ला झालेल्याचं शस्त्र काढून घ्यायचं नव्हतं. मामाला दोषींच्या यादीत आपल्या देशाचं नाव सगळ्यात वर हवं होतं. मला माझी ओळ जशीच्या तशी हवी होती. खुर्ची एक.

तेव्हा सरदार काकांनी काडी टाकली. “वरून टाकलेलं भुकेल्यापर्यंत पोचतंय तरी का? नुसता तमाशा असतोय कॅमेऱ्यासाठी.”

लातूरचे काका कणीस ठेवून उठले. त्यांच्या कामाला आजवर कुणी तमाशा म्हटलं नसावं. “मी गोणपाटावर टाकून दाखवतो.”

“टाकलास तर तू अध्यक्ष. हुकलास तर मी.”

पाच मिनिटांपूर्वी जागतिक राजकारण बोलणारी ही माणसं आता सुतळी शोधत होती. मामीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा छत्री झाला. कढईतला हुरडा फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी खाली लटकवली. पाखरं राखायला बांधलेलं मचाण हे विमान, आणि पायलट अर्थातच मामा. त्यानं वर चढताना गुडघ्यावर हात ठेवून जो आवाज केला, तो हेलिकॉप्टर सुरू होण्याचा होता की म्हातारपणाचा, मला सांगता येणार नाही. मी गोणपाट पसरून दूर उभी राहिले. लातूरचे काका मूठभर भुसा वाऱ्यावर सोडून बघत होते. चेहरा असा की खाली खरंच कुणीतरी वाट बघतंय.

“डावीकडं... आणखी... थांब...”

“मचाण डावीकडं सरकत न्हाई बाबा!” वरून मामा.

“हात सरकव! आता सोड!”

“वारा पडू दे!”

“सोड म्हणलं की सोडायचं! नॅव्हिगेटर कोण हाय?”

“पायलट कोण हाय?”

या वादात एक झुळूक गेली, दुसरी आली, आणि मामानं सोडलं. छत्री काय सुंदर फुगली! आम्ही टाळ्या वाजवल्या. पुरचुंडी गोणपाटावरून डौलात पुढं गेली, मामीच्या डोक्यावरून गेली आणि थेट आगटीत उतरली. लुगड्याचा तुकडा भपकन पेटला. हुरडा तडतडला. मामी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “झाली मदत?”

सरदार काका जमिनीवर बसले ते हसून हसून उठेचनात. मी पोट धरून बांधावर आडवी झाले. मामा मचाणावर अडकला होता, कारण हसताना खाली उतरता येत नाही.

एक लातूरचे काका तेवढे हसत नव्हते. ते आगटीजवळ जाऊन काठीनं पुरचुंडी बाहेर ओढत होते. मी बांधावर उठून बसले.

“आम्ही टाकायचो तवा खाली आमचीच माणसं असायची,” ते म्हणाले. “टाकलेलं दरीत गेलं की रेडिओवरून आईबहिणीवरून शिव्या यायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जायचो, नीट टाकायचो. तिकडं गाझात पाकिटाखाली माणसं मेल्याच्या बातम्या वाचल्या मी. त्यांनी कुणाला शिव्या द्यायच्या? त्यांच्याकडं तो रेडिओच न्हाई.” जळकी पुरचुंडी बाजूला ठेवून म्हणाले, “टाकणं चुकलं. वारा मी वाचला, चूक माझी. सरदार, तू अध्यक्ष.”

“कधी सोडायचं ते मी लांबवलं,” मामा वरून म्हणाला.

“तुझी तू नंतर सांग.”

सरदार काकांनी डोळे पुसले. “मी न्हाई व्हणार. चूक कबूल केलेला अध्यक्ष ह्या देशात कुणी बघितलाय का? उद्या नांदेडकरांना बघू द्या. तूच बस.”

आणि तसंच झालं. रविवारी चिटणिसांनी लातूरच्या काकांचा ताठ कणा बघितला, हुद्दा ऐकला, आणि सभागृह उघडून दिलं. वजन भरलं होतं. गर्दी खुर्च्या पुरणार नाहीत इतकी झाली, यात आमच्या पत्रकाचा वाटा किती आणि सरदार काकांनी बाजारातून हाका मारून गोळा केलेल्यांचा किती, यावर आमच्या गटात मतभेद आहेत. अध्यक्षांनी उभं राहून सगळ्यात आधी आगटीची गोष्ट सांगितली, कुठलीही लाज न बाळगता, आणि मग ठराव वाचला : जो देश बॉम्ब पुरवतो त्यानं टाकलेलं अन्न भुकेल्यानं जरूर घ्यावं, पण जगानं त्याला मदत म्हणू नये, भरपाई म्हणावं. आणि ती कमी पडते, चुकते, माणसं मारते, तेव्हा जाब विचारायचा हक्क खालच्या माणसाला असावा.

हात भराभर वर गेले. माझाही गेला. हा ठराव माझ्या मथळ्यापेक्षा चांगला होता, फक्त त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

मग मी माझी ओळ मांडली : शस्त्रांची मदत बंद, सगळ्यांची, सगळीकडं. पहिल्या रांगेतून सरदार काका उठले. मामा उठला, “आपल्या देशापासून सुरुवात,” म्हणत. मागून एका कॉलेजच्या पोरानं सरदार काकांना विचारलं की हल्लेखोर कोण हे लढाऊ पायलटनं ठरवायचं का, आणि काकांनी त्याला “ये बेटा, पुढं ये, मोठ्यानं बोल” म्हणून माईक दिला. चिटणीस आधी घड्याळाकडं बघत होते. मग तेही एका खुर्चीला धरून उभे राहिले आणि कुणीही न विचारता आपलं मत सांगू लागले. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी कुणाला उत्तर देतेय हेच कळेना.

अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. माझ्या ओळीवर आज मत घेणार नाही, म्हणाले, अजून पुष्कळ बोलायचंय. तुझा वेळ संपला, आता खाली बस.

मी बसले नाही.