चारही बाजूंनी पाणी: नाचणगावहून आयोना बेटावर

उभी नोकरी मी नाचणगावच्या शाळेत भूगोल शिकवला. ‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात’ हे वाक्य फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि माझ्या निरोपसमारंभात, गळ्यात हार आणि हातात पेढा असताना, सहावीतली एक पोरगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, तुमी पाह्यलं काय बेट?”

सगळा हॉल हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र तो प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. नव्हतं पाहिलं. आमच्या वर्धा जिल्ह्यातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागेपर्यंत माणूस एक झोप काढून उठतो.

म्हणून ग्लासगोला राहणाऱ्या आमच्या केतकीचा फोन आला, “आई, या उन्हाळ्यात दोघं याच, गाडी भाड्यानं घेऊन देते, हिंडा मनसोक्त,” तेव्हा माझं ठरलेलं होतं. मला बेटावर उभं राहायचं होतं आणि चारही बाजूंचं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी काही दिसलं नाही तरी चालेल!

पण कुठलं बेट? स्कॉटलंडला बेटं ढिगानं आणि आमच्या हातात गाडीचे दिवस तीनच. केतकीचा आग्रह स्कायचा, कारण सगळे तिथेच जातात. नकाशा पाहिला तर स्कायला पूल! गाडीनं सरळ जाता येतं. मी म्हटलं, पुलावरून जायचं तर आपलं शेजारचं पुलगाव काय वाईट आहे? ऑर्कनी फार वर, जाण्यायेण्यातच दिवस संपले असते. लुईस आणि हॅरिस ही नावं दोन पण जमीन एकच, शिवाय आमचा रविवार तिथे आला असता आणि रविवारी तिथे बरंच काही बंद असतं. आयला बेट दारूसाठी प्रसिद्ध. त्यावर आमचे यजमान दिवाकरराव म्हणाले, “मी चहा पेणारा मानूस. तिथं जाऊन का बाटल्या मोजू?”

दिवाकरराव समुद्रपूरचे, राहायला नाचणगावला पण कापूस तिकडेच पिकवणारे. तालुक्याच्या नावात समुद्र, बाकी सगळी काळी जमीन. शेवटी मी अट घातली: बेट एवढंच मोठं हवं की मधल्या टेकडीवर चढलं तर सगळ्या कडा दिसल्या पाहिजेत. या अटीत एकच बसलं, आयोना. वाटेत मल नावाचं मोठं बेट लागतं, ते वरकड म्हणून मिळणार होतं. केतकीची हॉस्पिटलातली ड्युटी सुटेना, तेव्हा आम्ही दोघंच निघालो.

पहिला दिवस. आपलं लायसन्स तिकडे चालतं आणि गाडी डावीकडूनच हाकायची, त्यामुळे धास्ती बाळगू नका. गाडी ऑटोमॅटिक मागा. ग्लासगो सोडलं की लोमंड सरोवराच्या काठानं रस्ता जातो, आणि मी खिडकीला नाक लावून बसले. संध्याकाळी ओबानला पोचलो. बंदराचं गाव, मासे खाणाऱ्यांची चैन. आम्ही शाकाहारी, म्हणून बटाट्याच्या काचऱ्या, वर घरून नेलेली जवसाची चटणी. काउंटरवरच्या बाईनं चटणी चाखून बघितली आणि लगेच पाणी मागितलं.

दुसरा दिवस. ओबानहून मलला गाडीसकट बोटीनं जायचं. उन्हाळ्यात गाडीची जागा फार आधी राखून ठेवा, ती ऐनवेळी मिळत नाही. आम्ही येतानाचीही राखली होती, तिसऱ्या दिवशी सकाळची. दुसऱ्या दिवशी दुपारी आयोना बघायचं, रात्री मलच्या टोकाला मुक्काम, सकाळी परत, असा बेत. चौथ्या दिवशी विमान होतं.

मलवर उतरलो आणि रस्ता एकेरी झाला. एकच गाडी मावेल एवढा, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला थांबायला फुगवटे. आणि इथेच आमच्या दिवाकररावांनी घोळ घातला.

समुद्रपूर-हिंगणघाट रस्त्यावर उभं आयुष्य गेलेल्या माणसाला दिव्यांची एकच भाषा येते. समोरच्यावर दिवे मारले म्हणजे ‘मी येऊन राह्यलो, तू थांब.’ समोरून एक मोठी घरासारखी गाडी दिसली, यांनी झपाझप दिवे मारले आणि दामटली. ती गाडी थांबायच्या ऐवजी हात हलवत निघालीच!

“हा काऊन येते मंग? दिवे दिसत नाई काय याले?” यांनी पुन्हा मारले. तो आणखी आनंदानं हात हलवत पुढे.

भर मध्यात नाकाला नाक लागलं. त्याच्यामागे गाड्यांची रांग, म्हणजे मागे आम्हीच जायचं. मागे घेताना डावं चाक कडेच्या चिखलात रुतलं आणि गाडी तिरपी झाली.

मागून पिकअप घेऊन एक मेंढपाळ आला, दोर लावून त्यानं आम्हाला बाहेर काढलं, पण त्यात दुपार सरली. हसत म्हणाला, “इकडे दिवे मारले की अर्थ होतो, मी थांबलोय, तुम्ही या.” मी ते मराठीत सांगितलं तेव्हा दिवाकररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बिचारा समोरचा आमचे आभार मानत येत होता!

हसायला आलं, पण पुढच्या वळणावर घड्याळ पाहिलं आणि हसू गेलं. मलच्या टोकावर, फिओनफर्टच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा आयोनाची शेवटची बोट सुटलेली. मधली खाडी इतकी चिंचोळी की पलीकडची घरं, चर्च, कुंपणातल्या मेंढ्यासुद्धा दिसत होत्या. मी धक्क्यावर उभी राहिले आणि मला रडू आलं. एवढ्या लांब येऊन बेट लांबूनच बघायचं! रात्री मी यांच्याशी बोलले नाही. चिवड्याची पिशवी तेवढी मधे सरकवली.

मुक्कामाच्या घराची मालकीण मोराग, माझ्याच वयाची. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, “सकाळची पहिली बोट घ्या की. उद्या आभाळ मोकळं असेल.” मी सांगितलं, ती घेतली तर गाडीची बोट जाईल आणि पुढच्या सगळ्या भरलेल्या आहेत. परवा विमान आहे.

दिवाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. “जाऊ दे ते बोट,” ते म्हणाले. “रांगेत उभं राहू, जागा झाली त घेतील. नाई घेतलं त गाडी इथंच ठिवू अन् आपुन नुसते बोटीत बसून जाऊ. तुले बेट पाहाचं होतं का गाडी परत कराची होती?”

घरी खताची एक गोणी घ्यायला चार दुकानं फिरणारा माणूस हा.

तिसरा दिवस. मोराग खरी ठरली. आभाळ धुऊन वाळत घातलेलं. आयोनावर पाहुण्यांच्या गाड्या नेत नाहीत, पायी जायचं, दोघांचं जाऊन-येऊन तिकीट तिथल्या एका जेवणाच्या आत बसतं. बोटीत बसून बूड टेकलं न टेकलं तोच उतरायची वेळ झाली. चर्च फार जुनं आणि देखणं, सवडीनं बघा. मी मात्र तडक टेकडीकडे.

टेकडीचं नाव डून ई. आपल्या पवनारच्या टेकाडासारखी वाटते, पण फसू नका. पायवाट अशी नाही, पाणथळ गवत आणि मधे खडक. चांगले बूट घाला. माझे गुडघे कुरकुरत होते. एका चढावर मी बसलेच.

“ऊठ,” दिवाकरराव हात पुढे करून म्हणाले. “त्या सहावीतल्या पोरीले काय सांगशीन? अर्ध्यातून आली?”

उठले. माथ्यावर दगडांचा ढिगारा आहे, त्याला हात टेकला आणि वर पाहिलं.

पुढे पाणी. उजवीकडे पाणी, हिरवं, काचेसारखं, खाली पांढरी वाळू. मागे खाडी आणि पलीकडे मल. डावीकडे बेटाचं दक्षिण टोक आणि त्यापुढे पाणीच पाणी. तरी खात्री पटेना. मग आरतीनंतर आपण फिरतो तशी मी हात जोडून स्वतःभोवती फिरले, हळूहळू, कुठेतरी जमीन चिकटलेली तर नाही ना, बघत. नव्हती! कुठेच नव्हती! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. दिवाकररावही टोपी काढून फिरले. वर आलेल्या एका जोडप्यानं विचारलं, हा काय विधी? म्हटलं, तपासणी चालली आहे. मग तीही दोघं फिरली. इतका निखळ आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

परतीला दिवाकररावांनी प्रत्येक फुगवट्याशी थांबून दिवे मारले आणि समोरच्या प्रत्येकाला रामराम केला. बंदरात रांगेत उभे राहिलो. दोन बोटी गाड्यांनी भरून गेल्या. शेवटच्या बोटीला कोणीतरी आलं नाही आणि खलाशानं आम्हाला हातानं आत बोलावलं. मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या.

घरी. आता दिवाकरराव नाचणगावच्या अरुंद वळणावर दिवे मारून थांबतात. समोरचाही थांबतो, कारण त्याला वाटतं हे येताहेत. दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि मागचे हॉर्न वाजवतात. सवय जात नाही.

शाळेत गेले होते, सहज म्हणून. नव्या सरांनी वर्गात नेलं. ती पोरगी आता सातवीत, तिसऱ्या बाकावर. मी फळ्यावर तेच जुनं वाक्य लिहिलं आणि मागे वळले. तिनं हात वर केलेलाच होता.

“मॅडम, खरंच चारही बाजूनं असते पाणी?”

“असते,” मी म्हटलं. “फिरून पाहून आली मी.”