आडव्या बाई

"तिसरीला बाई आहेत की नाहीत? हा वर्ग आहे की मासळीबाजार?"

मोठे गुरुजी व्हरांड्याच्या त्या टोकापासून ओरडत येत होते. मोठे गुरुजी म्हणजे आमच्या कुंभवलीच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचा आवाज असा की ते ओरडले की पलीकडच्या कारखान्यातली माणसं पाळी सुटली समजून डबे आवरायला लागायची. ते तिसरीच्या दारात पोचले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मुलं गोल करून जमिनीवर पोटावर पडली होती, समोर पाट्या, आणि मधोमध सतरंजीवर, उशाला महाराष्ट्राच्या नकाशाची गुंडाळी घेऊन, बाई आडव्या होत्या.

"बाई, झोपलात?"

एक पोर उठून उभी राहिली. "बाई निजल्या नाय गुरुजी. बाई शिकवतात. तुमी जरा हळू बोला, साताचा पाढा चाललाय."

बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "गुरुजी, झोप लागत असती तर तक्रारच नव्हती. मी नुसती आडवी आहे."

त्या दिवसापासून त्या आडव्या बाई झाल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज कारखान्यांत फोरमन झाली आहेत, आणि हिशेब अडला की दार लावून जमिनीवर पालथी पडतात असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे. तालुक्यातल्या सगळ्या तिसऱ्या एकत्र बसवल्या असत्या तरी आमची तिसरी पाढ्यांत पुढे निघाली असती. पण शाळेला आलेल्या माणसाला पाढे ऐकू येत नाहीत, बाई आडव्या दिसतात.

मी दुसरीला शिकवायचे. मूळची सातपाटीची, होडीला किनाऱ्यावरून हाक मारणाऱ्या घरातली, त्यामुळे माझा आवाजही काही देवळातला नाही. बाई सोलापूरकडच्या, एकट्या. बोईसरला आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. "ए सातपाटी" म्हणायच्या. सातपाटी भाकऱ्या थापायची, सातपाटी पाणी भरायची आणि बाई पाटावर बसून भाजी निवडता निवडता मध्येच थांबायच्या, जशी चावी संपलेली बाहुली. हातात घेवड्याची शेंग तशीच. मी भाकरी उलटून, भाजून, ताटात टाकून वळून बघावं, तर शेंग अजून तिथेच.

"काय झालं?"

"संपले," असं म्हणायच्या, जसं आपण डब्यातली साखर संपली म्हणतो.

त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना साधा ताप आला होता. चार दिवसांत गेला. "ताप गेला गं," त्या म्हणायच्या, "मी काही परत आले नाही." रात्रभर झोपून सकाळी उठायच्या त्या गाढवाने तुडवल्यासारख्या. इतक्या हळू चालायच्या की त्यांची सावली कंटाळून पुढे निघून जायची आणि बसथांब्यावर वाट बघत बसायची. सगळ्यात वाईट म्हणजे दिसायला छान होत्या. गाल गुलाबी, केस दाट. आजारी माणसाने आजारी दिसायला नको का? त्या दिसत नव्हत्या, हा त्यांचा पहिला गुन्हा.

बोईसरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की रक्त उत्तम आहे, आणि तरीही लोहाची इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "लग्न का नाही करत?"

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, लग्न झालेल्या बायका तुमच्याकडे कशासाठी येतात?"

"अशक्तपणासाठी," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा परत लावला.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी, पोट फुगतं आणि उलट्या होतात हेही ऐकून घेऊन, पोटाच्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की यांना गहू चालत नाही. पोळी, पाव, बिस्किट, रवा, मैदा, सगळं कायमचं बंद. तशी चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी विचारलं, "आणि दमण्याचं?" ते म्हणाले, "गहू सोडून बघा." बाईंनी गहू सोडला. पोट फुगायचं थांबलं, उलट्या थांबल्या. दमणं होतं तिथेच मांडी घालून बसलं. पुढे कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी वाचलं की नुसतं दमत राहण्याचाही एक आजार असतो आणि त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. तेव्हा ते नाव मिळालं असतं तर मी ते पाटीवर लिहून त्यांच्या उशाशी टांगलं असतं.

तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर राहून गहू सोडणं काय अवघड? भात खा, तांदळाची भाकरी खा. बरोबर. पण भाकरीचं पीठ गिरणीतून येतं, आणि बोईसरच्या गिरणीत कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांच्या गव्हाचे डबे मालगाडीसारखे लागलेले असत. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात थोडं राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे गिरणीत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणजे आमचे तांदूळ गिरणी उघडल्या उघडल्या पहिले पडायला हवेत. म्हणजे पहाटे उठायला हवं. म्हणजे उभं राहायला हवं. ज्या बाईला उठता येत नाही तिने पहिला नंबर लावायचा. हा आजार कुणी काढला त्याला माझा नमस्कार आहे.

एकदा आम्हाला उशीर झाला. मी रांगेतल्या सगळ्यांना ढकलत पुढे गेले आणि गिरणीच्या पट्ट्याच्या वर आवाज काढून सांगितलं की आता गहू थांबवा, दगड पुसून घ्या, आधी मूठभर तांदूळ घालून ते पीठ टाकून द्या आणि मग आमचं दळा. रांग पेटली.

एक मिशीवाला म्हणाला, "क्यों? बहनजी को हमारे गेहूँ से छूत लगती है?"

"आटे में भी जात-पात?" दुसरा म्हणाला.

बाई उलट्या घातलेल्या डब्यावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून सांगितलं, "भैया, गेहूँ अच्छा है. पेट मेरा खराब है."

त्यावर मिशीवाल्याला इतकी दया आली की त्याने आम्हाला पुढे सोडलं आणि जाताना हळूच सल्ला दिला, "कमजोरी है ना? रोज देसी घी में आटे का हलवा खाइए."

इथेच तर माझं डोकं फिरायचं. अशक्त माणसाला द्यायचं जे जे म्हणून या जगात आहे ते सगळं गव्हाचं. शेजारणीने गव्हाचा चीक आणला. दुसरीने कणीक भाजून डिंकाचे लाडू केले. मोठ्या गुरुजींच्या सौभाग्यवतींनी कुंडीत गहू पेरून त्याच्या हिरव्या रसाची वाटी पाठवली. एका कारखान्याच्या पूजेतून शाळेत शिऱ्याचा प्रसाद आला. बाईंनी तो कपाळाला लावून मुलांना वाटला, तर शिपाई गावभर सांगत सुटला की बाई देव मानत नाहीत. आणलेलं खाल्लं तर बाई दोन दिवस पोट धरून पडणार. नाही खाल्लं तर, "मग दमणारच ना, अंगात काही जायला नको?" मी एकदा एका शेजारणीला लाडवांच्या डब्यासकट जिन्यापर्यंत पोचवून आले. बाई म्हणाल्या, "सातपाटी, तिच्यावर कशाला ओरडतेस? तिने कष्ट करून आणलेत." मग म्हणाल्या, "मलाच ओरडायचं होतं, पण तुझं बघून दमले."

त्यांचे बरे दिवसही असत, आणि त्यांनीच घात केला. बऱ्या दिवशी त्यांच्यात वारं शिरायचं. त्या पंधरा ऑगस्टला पहाटे उठल्या, केसांत अबोली माळली आणि प्रभातफेरीच्या पुढे झेंडा घेऊन निघाल्या. सगळी कुंभवली फिरवली, वसाहतीच्या नाक्यापर्यंत गेल्या, घोषणा देत, गाणी म्हणत. मी मागून ओरडत होते, "बाई, पुरे, उद्या भराल." त्या वळून म्हणाल्या, "आज तरी चालू दे गं."

झेंडावंदनाला तालुक्याचे साहेब आले होते. शाळांची तपासणी आणि मास्तरांच्या बदल्या ज्यांच्या हातात, ते साहेब. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "अशा उत्साही शिक्षिका हव्यात."

त्यानंतरचा आठवडा बाईंनी जमिनीवर काढला. कंगवा उचलवेना. तरी रजा संपली म्हणून मी त्यांना रिक्षात घालून शाळेत नेलं, सतरंजीवर ठेवलं, आणि नेमके त्याच दिवशी साहेब न सांगता तपासणीला आले. तिसरीच्या दारात उभे राहिले.

"बाई, परवा पंधरा ऑगस्टला तर गाव पालथं घातलंत."

"म्हणूनच आज पडले आहे, साहेब."

"परवा चालता आलं आणि आज येत नाही?"

"परवा चालले म्हणून आज येत नाही."

हे वाक्य मला तेव्हाही सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ वाटलं होतं. साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं. जाताना मोठ्या गुरुजींना सांगून गेले, "सुटीनंतर यांना डोंगराकडे टाकतो. तिथे चालल्या की तब्येत सुधारेल."

डोंगराकडची बदली म्हणजे बाईंची नोकरी जाणार, हे आम्हा तिघांनाही कळलं. सोलापूरला घरी म्हातारी आई होती, तिला बाईंच्याच पगाराचा आधार होता. मोठे गुरुजी ओरडायचे खूप, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"बाई, साहेबांना भेटा. पण दमते म्हणून सांगू नका. दमण्याला कागद नाही. तुमच्याकडे गव्हाची चिठ्ठी आहे ना, मोठ्या डॉक्टरची? ती दाखवा. गहूच सांगा."

"गुरुजी, गहू मी खात नाही, प्रश्न मिटला. माझा प्रश्न पायांचा आहे."

"पायांवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी पाय बघितलेत, झेंड्याच्या पुढे."

मला ते पटलं नव्हतं, पण माझ्याकडेही दुसरा कागद नव्हता. आम्ही पालघरला गेलो. बाईंनी साहेबांना चिठ्ठी दाखवली आणि पोळीपासून बिस्किटापर्यंत सगळं सांगितलं. मध्येच त्या म्हणाल्या, "आणि साहेब, मला चढ..." तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. त्यांची एक मावशी वांग्याने सुजायची. त्यांनी तिची हकिकत सांगितली, चहा मागवला आणि बाईंच्या बशीतली बिस्किटं स्वतःच्या हाताने बाजूला काढली. "काळजी करू नका, मी लक्षात ठेवतो," म्हणाले. माणसाने इतकं छान वागावं की आपल्याला संशयही येऊ नये.

दिवाळीच्या सुटीआधीच हुकूम आला. मनोरच्या पुढे, एसटी सोडून तासभर चढत जायचं अशा एका पाड्यावरची शाळा.

मी इतकी ओरडले की घरमालक भाडं मागायला आले होते ते जिन्यावरूनच परत गेले. बाई पाटावर बसून होत्या. "अंगात रडायला ताकद नाही," त्या म्हणाल्या, "नाहीतर साहेबांना रडून तरी दाखवलं असतं."

मी त्यांना पोचवायला गेले. प्रत्येक झाडाखाली बसत, सकाळी निघालो ते ऊन उतरताना पोचलो. आणि मला कबूल करावं लागेल की तिथे गव्हाचा दाणा नव्हता. नागलीची भाकरी, वरीचा भात, उडदाची डाळ. एक म्हातारी हसून म्हणाली, "गहू आमी लग्नात सुदा बघत नाय, बाय. तू खा बिनघोर." पोटापुरतं बोलायचं तर बाई स्वर्गात पोचल्या होत्या.

शाळेच्याच खोलीत त्या राहू लागल्या. पाणी खाली ओढ्याला. पाड्यातल्या बायका स्वतःच्या हंड्याबरोबर त्यांचाही हंडा आणत, लाकडं टाकत, आणि मुलं आडवी पडून पाढे शिकत. महिनाभर मला वाटलं, चुकून का होईना, बरं झालं. मग भात झोडून झाला आणि दरवर्षीसारखी सगळी तरणी माणसं, मुलांना घेऊन, वीटभट्ट्यांवर कामाला निघून गेली. पाड्यात उरले म्हातारे, आजारी, आणि बाई. हंडा आणायला कुणी उरलं नाही. बाई स्वतः ओढ्यावर गेल्या. एकदा गेल्या, दुसऱ्यांदा गेल्या, तिसऱ्यांदा वर येता आलं नाही. त्या म्हातारीने त्यांना शोधलं आणि चार म्हाताऱ्यांनी झोळी करून खाली रस्त्यापर्यंत आणलं. त्या चौघांची वयं मिळवली तर शिवाजी महाराजांच्या काळात जातील.

त्यांनी राजीनामा दिला. सोलापूरहून भाऊ न्यायला आला. भला माणूस. पालघरच्या एसटी स्टँडवर त्याने पिशवीतून डबा काढला आणि म्हणाला, "ताई, आईने तुझ्यासाठी मुद्दाम पाठवलेत. खपली गव्हाचे लाडू. ताकद येते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी हसायला लागलो, आणि त्यांना हसणंही झेपेना, तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या नुसत्या हलत राहिल्या. भाऊ डबा धरून उभा. गाडी लागली. मी त्यांना चढवून खिडकीशी बसवलं. त्या म्हणाल्या, "सातपाटी, तिसरीला जी कोण येईल तिला सांग, पोरांना एकदम उठवून बसवू नको. पाढे सांडतील." दोन पत्रं आली त्यानंतर. तिसरं आलं नाही, आणि मी विचारायला कुणाला जाणार?

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या सामानातली डोंगरावरच्या शाळेची किल्ली माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला मी साहेबांच्या कचेरीत गेले. किल्ली टेबलावर ठेवली आणि जे काही तोंडात साठलं होतं ते सगळं सोडलं. ज्या बाईला जिना चढवत नाही तिला डोंगर कसा दिलात? हंडा, ओढा, झोळी, राजीनामा, म्हातारी आई, काही ठेवलं नाही. बाहेर रांगेतली माणसं दारात गोळा झाली.

साहेबांनी मला पुरतं बोलू दिलं. मग किल्ली खणात टाकली, खण लावला आणि म्हणाले, "त्यांची तक्रार गव्हाची होती. तिथे गहू नव्हता."