तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

माझ्या थोरल्या नणंदेने एका इस्पितळाच्या टेलिफोनवर एकतीस वर्षं काढली. खिडकी नसलेली खोली, कानाला यंत्र, समोर लुकलुकणारे दिवे. त्या म्हणायच्या, "आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलले गं. समोर कोणी येऊन बसलं की मला सुचत नाही." खरंच होतं ते. आम्ही गेलो की वन्सं चहाच्या निमित्ताने आत पळायच्या आणि भिंतीआडून मस्त गप्पा मारायच्या.

त्यांचे यजमान कवळ्या बनवायचे. भाऊजींच्या टेबलावर लोकांचे दात हसत असायचे. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "दात पुरे झाले. आता समुद्र आणतो घरी." आम्हाला वाटलं, थट्टा. पण महिन्याभरात बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीची काचेची पेटी आली. आधी त्यांनी मिस्त्रीला बोलावून जमिनीला वजन पेलेल का ते विचारलं, मगच पाणी भरलं. ते पाणीही साधं नव्हे. पाकिटातलं खास मीठ बादलीत घालायचं, दिवसभर पंपाने घुसळायचं आणि काचेचा तरंगता काटा सोडून खारटपणा मोजायचा. पहिले पाच आठवडे पेटीत नुसते दगड. वन्सं रोज विचारायच्या, "अहो, घर सजवून झालं, पाहुणे कधी येणार?" भाऊजी म्हणायचे, "पाणी पिकू दे. घाई केलीस तर येतील आणि मरतील."

मग सहा मासे आले. एक केशरी, अंगावर पांढरे पट्टे. तो सदा एका दगडाच्या फटीपाशी उभा. वन्संनी त्याला नाव दिलं पट्टेवाला. "साहेबाच्या दारात असतो ना, तसा."

अडतीस वर्षांच्या संसारात भाऊजी बायकोवर एकदाच ओरडले. ते घरी नसताना पेटीतलं पाणी गढूळ वाटलं म्हणून वन्संनी नळाची अख्खी बादली आत ओतली. दोन मासे तडफडले, कसेबसे वाचले. भाऊजी म्हणाले, "गोडं पाणी म्हणजे ह्यांना विष आहे, कळतं का? विष!" त्यानंतर वन्संनी पेटीला हात लावला नाही. वाक्य मात्र मनात कोरून ठेवलं.

गेल्या वर्षी भाऊजी त्याच पेटीसमोर, त्यांच्या लाकडी हातांच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पंप चालू होता, मासे फिरत होते. वन्सं आतून बराच वेळ बोलत होत्या. उत्तर येईना तेव्हा बाहेर आल्या.

पाच महिन्यांनी वन्संचा मला फोन आला. माझ्या नवऱ्याला नाही, मला. "आठ दिवस येऊन राहशील?" एवढंच. मी बॅग भरली.

घरात पाऊल टाकलं आणि काहीतरी बदललंय हे अंगाला आधी कळलं. पडदे बंद. पंपाची घरघर, जशी झोपलेल्या माणसाच्या छातीची असते. पेटीच्या कडांवर, झाकणावर, वायरींवर पांढरा थर चढलेला, बोटाने खरवडला तर निघेल असा. आधी रंगीत असलेले दगड हाडांसारखे झाले होते. आणि मासा एकच. पट्टेवाला खाली तळाशी, तिरका, कल्ले धापा टाकत.

"बाकीचे?"

"हे घेऊन गेले," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "एकेक करून. दर तीनचार आठवड्यांनी एक. त्यांचेच होते, नेणारच. आता हा राहिलाय. चार दिवस झाले, खात नाही. हा गेला की माझी पाळी."

"काहीतरीच काय बोलता वन्सं!"

"काहीतरी नाही. ये, दाखवते."

त्यांनी मला खुर्चीपाशी नेलं. खुर्चीच्या उजव्या लाकडी हातावर पंजा उमटला होता. पांढरा, पाच बोटांचा, जणू कोणी पिठात हात बुडवून टेकवलाय. "रोज पुसते," त्या म्हणाल्या. "रोज येतो."

मी दोन वेळा देवासमोर हात जोडणारी बाई. देव आहे तर बाकीचंही काही असेल, नाही कशाला म्हणू? मी मनातल्या मनात नाव घेतलं आणि ती खुर्ची सोडून दुसरीकडे बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मटार सोलत होते, तिथून बाहेरची खोली दिसत होती. वन्सं बादली घेऊन आल्या. पेटीतलं पाणी जरासं खाली गेलं होतं. भाऊजींनी काचेवर पातळीची खूण म्हणून चिकटपट्टी लावलेली होती. वन्संनी बादलीतलं मिठाचं पाणी मगाने तिथपर्यंत भरलं. मग मनगटापर्यंत हात आत घालून पट्टेवाल्याच्या जवळ नेला, "खा रे बाबा" म्हणाल्या आणि तसाच ओला हात घेऊन भाऊजींच्या खुर्चीत बसल्या. हात लाकडावर. डोळे मिटलेले. आणि बोलायला लागल्या. "अहो, लिफ्ट आजही बंद आहे. खालचे म्हणतात, त्यांच्या छताला ओल आली, तुमच्या समुद्राची भरती आमच्याकडे येते..." अर्धा तास. मध्येच थांबायच्या, पलीकडचं ऐकल्यासारख्या, "बरं बरं" म्हणायच्या.

मग उठल्या, आत गेल्या, तोंड धुऊन माझ्याकडे आल्या. "बाहेर जाऊन बघ. आले असतील."

लाकूड वाळलं होतं. पंजा उमटला होता.

मी परत मटार सोलायला बसले. पण डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. रोज पाणी जरा कमी होतं. ते जातं कुठे? हवेत. मग मीठ? मीठ काही हवेत जात नाही. रस्सा आटला तर खारट होतो, हे पोरीबाळींनाही कळतं. आटलेल्या रश्शात आपण वर आणखी मीठ घालतो का? साधं पाणी घालतो!

संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणत एका बाटलीत पेटीतलं पाणी घेतलं आणि भाऊजी जायचे ते माशांचं दुकान शोधून काढलं. दुकानाच्या बाईंनी काटा सोडला. तो काचेच्या आतल्या मापाच्या चिठ्ठीवरची शेवटची रेघ ओलांडून वर येऊन उभा राहिला.

"अहो ताई, हे पाणी आहे की लोणचं? रोज भरता कुठलं?"

"मिठाचं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "मिठाचं फक्त पंधरवड्याला, जुनं थोडं काढून नवं घालताना. रोज आटतं तेवढं साधं, गाळलेलं. दातवाले काका रोज सकाळी तांब्याभर घालायचे. घरात कोणाला सांगितलं नाही त्यांनी?"

सांगितलं नव्हतं. वन्संनी तो तांब्या रोज पाहिला असेल. पण ज्या माणसाने गोड्या पाण्याला विष म्हटलं, त्याच्या तांब्यात गोडं पाणी असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

"एक मासा आहे अजून," मी म्हटलं.

"मग रोज सहासात तांबे काढा, तेवढेच साध्या पाण्याचे घाला. हळूहळू. एकदम ओतलंत तर त्या धक्क्यानेच जाईल. दहाबारा दिवस लागतील. आणि आज सुरू करा, उद्या नको."

परतताना जिन्यात मी दोनदा थांबले. सांगितलं, तर वन्संना कळणार की पाच मासे यजमानांनी नेले नाहीत, आपल्या हाताने मेले. नाही सांगितलं, तर सहावा मरणार, आणि त्याच्या मागे या बाई अंथरूण धरणार. त्या मरायची वाट बघत होत्या, हे मला आल्या दिवशीच दिसलं होतं. मी देवाला म्हटलं, तूच शब्द दे. त्याने काही दिले नाहीत. मग रश्शापासूनच सुरुवात केली.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हे नेत नव्हते."

"नाही वन्सं."

"मीच."

"तुम्ही त्यांचा शब्द पाळलात. पुढचं त्यांनी सांगायला हवं होतं."

"मग ते येत नव्हते? खुर्चीत... मी इतके दिवस बोलत कोणाशी होते?"

त्यांचं तोंड लहान पोरीसारखं झालं होतं. मला दिसलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. "ते मला नाही ठाऊक," मी म्हटलं. खोटं बोलले. त्या दिवशी हात जोडताना देवाला तेवढं सांगून टाकलं.

साध्या पाण्याचा पहिला तांब्या त्यांनी हातात धरला आणि त्यांना ओतवेना. "विष आहे गं," म्हणाल्या. मी त्यांच्या हाताखाली हात धरला. धार बारीक, इतकी बारीक की एक तांब्या रिकामा होईपर्यंत चहा गार झाला. पट्टेवाला जागचा हलला नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. मी घरी कळवलं, सध्या येत नाही. वन्सं आता खुर्चीत बसत नव्हत्या. बोलतही नव्हत्या, ना भिंतीआडून, ना समोरून. घरात नुसती पंपाची घरघर. खरं सांगते, त्या बोलत होत्या तेव्हापेक्षा मला आता जास्त भीती वाटायची. वाटायचं, मी त्या घरातून एका माणसाला दुसऱ्यांदा बाहेर काढलं.

साधं पाणी घालायला लागल्यापासून अकराव्या सकाळी वन्संनी हाक मारली. मी धावले. पट्टेवाला वर आला होता. त्यांच्या बोटांच्या चिमटीतला खाद्याचा कण त्याने ओढला, सोडला, पुन्हा ओढला आणि गिळला. मग दुसरा. मी दुकानाच्या बाईंना तिथूनच फोन लावला आणि आनंदाने ओरडलेच, "खाल्लं!"

"विचार त्यांना," वन्सं पाण्यातून नजर न काढता म्हणाल्या, "हा किती जगतो."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नीट सांभाळला तर वीस वर्षंही जातो. आत्ता पाचेक वर्षांचा असेल."

मी तसंच सांगितलं. वन्सं सदुसष्ट वर्षांच्या. त्यांनी मनात हिशोब केला असावा. मग पदराला हात पुसला.

"म्हणजे इतकी वर्षं मला जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "बघितलंस ना? जाताना सोबत नेलं नाही ते नाहीच, वर कामाला लावून गेले."

आणि साधं पाणी आणायला आत गेल्या.